वाळवंटाची सरकारी बखर

ज्यानें पदरचे पैसे खर्चून आपलें चित्र काढवून घेतलें, त्याचा चेहरा त्या चित्रांत कुरूप निघाल्याचें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. राजेरजवाड्यांच्या पदरीं बखरकार असत. धन्याचा पराभव लिहिण्याची पाळी आली तर तो फितुरीमुळें झाला, असें ते लिहीत. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. खाल्ल्या मिठाला जागणें हा त्यांचा धर्म होता, आणि जाणता वाचकही बखर ही बखर म्हणूनच वाचीत असे. विसाव्या शतकांत या बखरीनें नवें रूप घेतलें आणि 'अनुबोधपट' असें नांव धारण केलें. पडद्यावर खरीखुरी नदी वाहूं लागली, खऱ्याखुऱ्या भिंती उभ्या राहूं लागल्या. आणि डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें असेल, या भाबड्या समजुतीनें सुशिक्षित प्रेक्षकही बखर वाचतांना बाळगावयाची सावधगिरी दाराबाहेर ठेवून आंत जाऊन बसूं लागला. धरणें बांधून मरुभूमि भिजविण्याच्या उद्योगावर जे असले पट निघाले, त्यांतील एका नामांकित पटाची आज आम्हांस झडती घ्यावयाची आहे.

हा पट म्हणजे 'दि कोलंबिया'. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यांतून वाहणाऱ्या कोलंबिया नदीची वीज विकण्यासाठीं तेथील सरकारनें १९३७ सालीं बॉनेव्हिल पॉवर ऍडमिनिस्ट्रेशन नांवाचें एक खातें उघडलें. आपल्या कार्याची महती लोकांस पटवून देण्यासाठीं या खात्यानें जो पट योजिला, तो मध्यें महायुद्ध आल्यामुळें रेंगाळला आणि १९४९ सालीं पुरा होऊन लोकांपुढें आला. पट लहानसा, अर्ध्या तासाच्या आंतच संपणारा आहे. आज तो कोणासही घरबसल्या पाहतां येतो, आणि पाहणारांपैकीं पुष्कळजण भारावून जातात. भारावून जाण्याजोगें त्यांत पुष्कळ आहे, हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों.

असल्या पटांचें कथानक ठरलेलें असतें, आणि तेंच येथेंही आहे. पर्वतांतून निघून सुमारे १२०० मैल धांवणारी महानदी कोणाच्या उपयोगी न पडतां समुद्राला जाऊन मिळत आहे. जवळच्याच पठारावर वर्षाकाठीं सहा ते दहा इंच पाऊस पडतो, आणि सेजब्रश नांवाच्या राखी झुडुपावांचून दृष्टीस कांहीं पडत नाहीं. मग मानव येतो, ग्रँड कूली येथें नदीला आडवी भिंत घालतो, आणि वाळवंटाचें नंदनवन होतें. ही भिंत खरोखरच अजस्र आहे. तिचें काम १९३३ सालीं सुरू झालें व १९४२ सालीं संपलें. लांबी जवळजवळ एक मैल, उंची पायापासून ५५० फूट. आणि तिच्यामागें सांठलेलें पाणी सुमारे १५० मैल मागें, थेट कॅनडाच्या सरहद्दीजवळ जाऊन पोंचतें. या पाण्याचा कांहीं भाग धरणाच्याच विजेवर चालणाऱ्या पंपांनीं २८० फूट वर चढवून एका प्राचीन कोरड्या दरींत सोडतात आणि तेथून कालव्यांनीं पठारावर नेतात. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम पाहून ज्याची मान डोलणार नाहीं, तो अरसिकच म्हटला पाहिजे.

या पराक्रमाला गाण्याचीही जोड आहे. वुडी गथ्री या लोकशाहिराला खात्यानें मे १९४१ मध्यें एका महिन्याच्या बोलीनें नोकरीस ठेविलें. २६६ डॉलर ६६ सेंट एवढ्या वेतनांत त्यानें २६ गाणीं रचून दिलीं, आणि त्यांतील कांहीं या पटांत ऐकूं येतात. गथ्रीचा कळवळा भाडोत्री नव्हता, हें आम्ही मुद्दाम सांगतों. धुळीच्या वादळांनीं उद्ध्वस्त होऊन ओक्लाहोमाकडून पश्चिमेस निघालेल्या कुटुंबांचे हाल त्यानें प्रत्यक्ष पाहिले होते, आणि या पाण्यानें त्यांना हक्काची जमीन मिळेल असें त्याला मनापासून वाटत होतें. परंतु शाहिराच्या प्रामाणिकपणाचा उपयोग धनी कशासाठीं करणार, हें शाहिराच्या हातीं नसतें. पोवाडा जितक्या खऱ्या मनानें गाइलेला असेल, तितकें ऐकणाराचें लक्ष रणांगणावर कोण मेलें इकडे कमी जातें.

आमचा पहिला आक्षेप 'ओसाड' या एका कल्पनेवर आहे. हें वाळवंट होतें, तें नंदनवन झालें, या वाक्याचा उत्तरार्ध सिद्ध करण्यासाठीं मैलोगणती कालवे दाखवितात. पण पूर्वार्ध सिद्ध करण्याची आवश्यकता कोणासही वाटत नाहीं. जेथें आपल्या ओळखीचें पीक नाहीं तें ओसाड, आणि जेथें आपल्या ओळखीचीं माणसें नाहींत तें निर्जन, असा हा न्याय आहे. वास्तविक या नदीच्या कांठीं हजारों वर्षें माणसें राहत होतीं, आणि त्यांचें शेत म्हणजे नदीच होती. साल्मन नांवाचा मासा गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं शेंकडों मैल प्रवाहाविरुद्ध चढून आपल्या जन्मस्थानीं परत येतो. केटल फॉल्स या धबधब्यापाशीं हे मासे उड्या घेत वर चढत, आणि तेथें आजूबाजूच्या अनेक जमातींचे लोक दरसालच्या जत्रेस जमावें तसे जमत. मासे धरणें, वांटून घेणें, वाळविणें, व्यापार करणें, सोयरिकी जमविणें, हें सारें तेथें होई. पेरणी न करतां दरसाल हातीं येणारें पीक ज्या भूमींत होतें, तिला ओसाड म्हणण्यास मन बरेंच कठोर असावें लागतें.

ग्रँड कूलीच्या भिंतींत माशांना वर चढून जाण्यासाठीं वाट ठेविली नाहीं. त्याच नदीवर खालच्या बाजूस बॉनेव्हिल येथें जें धरण १९३८ च्या सुमारास पुरें झालें, त्याला अशा पायऱ्या ठेविल्या होत्या. म्हणजे प्रश्न कोणास माहीत नव्हता असें नव्हे. ग्रँड कूलीची उंची पायऱ्यांच्या आवांक्याबाहेरची ठरली, आणि मग भिंतीवरील हजार मैलांहून अधिक प्रवाहांतून साल्मन कायमचा नाहींसा झाला. जून १९४० मध्यें, धबधबा पाण्याखालीं जाण्याच्या थोडेंच आधीं, कोलव्हिल व इतर जमातींचे लोक केटल फॉल्स येथें तीन दिवस जमले आणि त्यांनीं आपल्या धबधब्याला शेवटचा निरोप दिला. तो प्रसंग 'अश्रूंचा सोहळा' या नांवानें प्रसिद्ध आहे. पट बाहेर पडला तो यानंतर नऊ वर्षांनीं. नऊ वर्षें जुन्या या दुःखाला त्या जयजयकारांत जागा मिळाली नाहीं. ज्यांची नदी होती त्यांनीं १९५१ सालीं सरकारकडे दावा लाविला. कोलव्हिल जमातींना त्याचा निकाल १९९४ सालीं मिळाला, तेव्हां एकरकमी ५ कोटी ३० लक्ष डॉलर आणि विजेच्या उत्पन्नांतून वार्षिक हिस्सा देण्याचें ठरलें. मधल्या ४३ वर्षांत मूळचे फिर्यादी बहुतेक निवर्तले असतील. पैलतीरच्या स्पोकेन जमातीसाठीं असाच कायदा होण्यास २०१९ चा डिसेंबर उजाडावा लागला.

आमचा दुसरा आक्षेप असा कीं, ज्यांच्या नांवानें हा पराक्रम आरंभिला त्यांच्याही पदरीं तो पुरता पडला नाहीं. धुळींतून पळालेल्या निराधार शेतकऱ्याला लहानशी बागाइती जमीन द्यावयाची, हें या योजनेचें स्वप्न होतें. प्रत्यक्षांत मुख्य कालव्यांचें पाणी पठारावर पोंचलें १९५२ सालीं. तोंपर्यंत तीं कुटुंबें जहाजांच्या व विमानांच्या कारखान्यांत केव्हांच पांगलीं होतीं. पाण्याच्या कितीतरी आधीं धांवली ती वीज. आणि ती धांवली विमानांसाठीं ऍल्युमिनियम वितळविण्याकडे व हॅनफर्डकडे. हॅनफर्ड हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याच रुक्ष पठारावर, त्याच नदीच्या कांठीं, हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या गांवांतील लोकांनीं स्वतः पाणी खेळवून फळबागा उठविल्या होत्या. वाळवंटांतील शेतीचा आदर्श पाहावयाचा तर तो तेथें आयता तयार होता. १९४३ सालीं सरकारनें थोड्या दिवसांच्या मुदतीची नोटीस देऊन त्या शेतकऱ्यांना तेथून उठविलें, आणि त्या जागीं अणुबॉंबसाठीं प्लुटोनियम तयार करण्याचा कारखाना घातला. नदीचें थंड पाणी व धरणांची मुबलक वीज हीं ती जागा पसंत पडण्याचीं प्रमुख कारणें होतीं. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर पडलेल्या बॉंबमधील प्लुटोनियम येथलेंच. वाळवंट हिरवें करण्यास निघालेल्या नदीनें आधीं एक हिरवी वस्ती उठविली आणि मग सात समुद्रांपलीकडचें एक शहर जाळलें, असें कोणी म्हटलें तर त्यास अतिशयोक्ति म्हणतां येणार नाहीं.

बरें, पुढें तरी काय झालें? योजना सुमारे दहा लक्ष एकरांची होती. आज भिजते ती सुमारे पावणेसात लक्ष एकर. १९०२ च्या कायद्यानें सरकारी कालव्याचें पाणी एका मालकाच्या १६० एकरांपुरतेंच द्यावें असें ठरविलें होतें, हेतु हा कीं सार्वजनिक पैशानें आणलेलें पाणी लहान शेतकऱ्यास मिळावें. १९८२ सालीं ही मर्यादा वाढवून ९६० एकर करण्यांत आली. लहान शेतकऱ्याची गाणीं कायम राहिलीं, शेतकरी मात्र मोठा झाला. पठाराच्या पूर्वेकडील ओडेसा भागांत कालवा पोंचलाच नव्हता. तो पुढेंमागें येईल या भरंवशावर तेथील शेतकऱ्यांना खोल विहिरी खणण्याचे परवाने दिले गेले. कालवा आला नाहीं, विहिरी मात्र उपसल्या गेल्या, आणि भूगर्भांतील पाणी वर्षानुवर्षें खालीं जाऊं लागलें. आतां त्या विहिरींच्या बदलीं कालव्याचें पाणी नळांनीं नेण्याची धडपड चालली आहे. निसर्गापासून उसनें घेतलेलें फेडण्यासाठीं दुसरीकडून उसनें काढावें, असा हा संसार आहे.

तिसरा आक्षेप पुराविषयींचा. पट तयार होत असतांनाच १९४८ चा महापूर आला, आणि धरणांच्या बाजूनें बोलणारा एक आयता साक्षीदार खात्यास मिळाला. त्या पुरांत ३० मे रोजीं पोर्टलंड शहराजवळील व्हॅनपोर्ट ही सुमारे साडेअठरा हजार वस्तीची वसाहत एका दुपारींत नाहींशी झाली आणि निदान पंधरा माणसें दगावलीं. युद्धकाळीं कामगारांसाठीं घाईघाईनें सखल भागांत बसविलेली ही वसाहत होती, आणि तींत दरिद्री व कृष्णवर्णी कुटुंबांचा भरणा मोठा होता. धरणें अधिक असतीं तर हें संकट टळलें असतें, हा पुरावाद्यांचा युक्तिवाद. आणि पुढें आणखी धरणें झाल्यावर पुरांचा जोर कमी झाला, हें खरेंही आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी नको काय? ग्रँड कूलीची भिंत तेव्हां सहा वर्षांपूर्वींच उभी राहिली होती. व्हॅनपोर्टवर पाणी आलें तें आगगाडीच्या रुळांसाठीं घातलेला भराव फुटून. आणि त्याच दिवशीं सकाळीं वसाहतीच्या अधिकाऱ्यांनीं, बांध सुरक्षित आहेत, घाबरूं नये, अशा आशयाचें पत्रक घरोघरीं वांटलें होतें. लोक बुडाले ते एकट्या नदीनें नव्हे. सखल जागीं कोणास वसवावें आणि धोक्याची वार्ता त्यांस केव्हां द्यावी, हें ठरविणाऱ्यांचाही त्यांत हात होता. या दोषावर भिंत बांधून इलाज होत नाहीं. म्हणूनच असल्या पटांना तो दिसत नाहीं.

यावर आमचे कांहीं मित्र म्हणतील कीं, हें सारें मागाहून आलेलें शहाणपण आहे. त्या काळीं कोणास ही दृष्टि होती? आमचें उत्तर असें कीं, दृष्टि होती आणि सोयीनुसार मिटली होती. माशांची वाट बंद होणार हें ठाऊक होतें म्हणूनच १९३९ सालापासून सरकारी नोकर खालीं मासे पकडून दुसऱ्या उपनद्यांत नेऊन सोडीत होते. लोक रडले ते उघड्यावर रडले; त्यांचा निरोप कांहीं गुप्त नव्हता. दुसरे मित्र विचारतील कीं, तुम्हांस दिवे नकोत काय, धान्य नको काय? दिवेही हवेत आणि धान्यही हवें. त्या पठारावर आज बटाटे, सफरचंदें व गहूं विपुल पिकतो, आणि तो पिकविणारांचे श्रम आम्ही हलके लेखीत नाहीं. धरण बांधूं नये, असा आमचा सिद्धांत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याची किंमत भरली गेली त्या वस्तूची पावती दाखवावी. दानधर्माचा गाजावाजा करणाराने दान कोणाच्या घरांतून उचलून आणलें, तेंही सांगावें. तें न सांगतां केवळ हिरवीं शेतें दाखविणें म्हणजे हिशेबाच्या वहीची जमेची बाजू वाचून दाखवून नांवेंची पानें फाडून टाकणें होय.

महाराष्ट्रांतील वाचकांस परदेशच्या या पटाची इतकी चिकित्सा कशाला, असें कोणी विचारूं नये. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशीस धरण घालावयास घेतलें, तेव्हां तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला, आणि सेनापति बापटांनीं त्यापायीं तुरुंगवास पत्करला. धरणाखालीं जाणाऱ्या माणसाचा प्रश्न ग्रँड कूलीचा पाया खणण्याच्याही बारा वर्षें आधीं मराठी मुलुखांत विचारला गेला होता. असें असूनही १९४८ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर जे सरकारी अनुबोधपट चित्रपटगृहांतून सक्तीनें दाखविले जाऊं लागले, त्यांत धरण म्हटलें कीं तोच कोलंबियाचा सांचा: भेगाळलेली भूमि, खणखणणारीं यंत्रें, उसळणारें पाणी, हंसणारा शेतकरी. मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या खुर्चींत बसून हें पाहत वाढल्या. आमच्या पिठाच्या गिरणीस वीज लागते, आमच्या नळास पाणी लागतें. त्यामुळें पडद्यावरचा हंसरा शेतकरी हा सर्व शेतकऱ्यांचा प्रतिनिधि आहे असें मानणें आम्हां सर्वांस सोयीचें गेलें. भाक्रा-नांगलच्या कामास देवालयाची उपमा देणाऱ्या पंडित नेहरूंनीं स्वतः १९५८ सालीं भव्यतेच्या हव्यासास रोग म्हटलें, ही गोष्ट मात्र त्या उपमेइतकी कोणाच्या तोंडीं बसली नाहीं.

कॅमेरा पैलतीरावर नेतां येतो, याचाही दाखला आपल्याकडे आहे. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा 'ए नर्मदा डायरी' हा १९९५ चा पट नर्मदेच्या बुडणाऱ्या कांठावरून काढलेला आहे. तोही एका बाजूचा आहे, असें म्हणणारे म्हणोत. तो आपली बाजू लपवीत नाहीं, आणि त्याचे पैसे धरण बांधणाऱ्या खात्यानें दिलेले नाहींत, हा फरक लहान नव्हे.

तेव्हां आमची मागणी अशी आहे. शाळा-महाविद्यालयांतून, वाचनालयांतून, चित्रपट-मंडळांतून हे जुने सरकारी पट अवश्य दाखवावेत. ते दडपून ठेवावेत, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. पण बखर कागदपत्रांशीं ताडून पाहण्याची जी शिस्त आमच्या इतिहास-संशोधकांनीं या देशांत घालून दिली, तीच येथेंही लावावी. दिवे लागल्यावर घरच्या मुलांना वडील माणसांनीं तीन प्रश्न विचारावेत. पाणी येण्यापूर्वीं येथें कोण राहत होतें? ज्याला पाणी देऊं म्हटलें, त्याला तें मिळालें काय? आणि हा पट काढण्यास पैसे कोणीं दिले? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या पटांत नाहींत, तो कितीही सुंदर असो, त्यास अनुबोध म्हणूं नये.

आणि हे प्रश्न निरर्थक आहेत, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं कोलंबियाच्याच कांठची एक अलीकडची गोष्ट ध्यानांत घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्यें एक करार झाला. ग्रँड कूलीच्या भिंतीवरील प्रवाहांत साल्मन पुन्हा आणतां येईल काय, हें पाहण्यासाठीं तेथील आदिवासी जमातींच्या प्रयत्नांना वीस वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचें त्यांत ठरलें. हे पैसे देणारें खातें तेंच, ज्यानें १९४९ चा पट काढविला होता. बखरीला हें शुद्धिपत्र जोडलें जाण्यास चौऱ्याहत्तर वर्षें लागलीं. आमच्याकडील बखरींचीं शुद्धिपत्रें अजून लिहावयाचीं आहेत, आणि ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांतील पुष्कळ माणसें अद्याप हयात आहेत. त्यांना विचारावयास चौऱ्याहत्तर वर्षें थांबण्याचें कारण नाहीं.